सहा सुतांची दुमड

देवळ्याच्या शेखरने बूट परत आणले तेही कांद्याच्या गोण्यांत. दोन गोण्या, चाळीस जोड. शुक्रवार असल्यामुळे कारखाना बंद होता आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांना त्या गोण्या हारुनभाईंच्या उंबऱ्यातून आत जाताना बघायला भरपूर वेळ होता. समोरच्या खिडकीतून नसीमनेही बघितल्या. कांद्याच्या गोणीला असे कोपरे येत नाहीत, हे तिला लगेच कळलं.

"अदिबा, ओढणी घे," ती आत वळून मुलीला म्हणाली. "बोलावणं येईल आता. बूट परत आलेत."

"कुणाचे? त्यांचे की आपले?"

या प्रश्नाला या घरात उत्तर नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी दादाजाननी दोन मुलांची वाटणी करून दिली, ती नाशिकच्या दूधबाजारात अजूनही लोक एकमेकांना हसत सांगतात. थोरल्या हारुनला चामडं, कटिंग आणि बुटाच्या वरच्या भागाची शिलाई. धाकट्या शाहनवाजला गल्लीपलीकडची खोली आणि तळ शिवायचं मशीन. एकाकडे वरचं, दुसऱ्याकडे खालचं. कितीही भांडलात तरी पोटासाठी रोज एकमेकांच्या दारात यावंच लागेल, हे म्हाताऱ्याचं डोकं! म्हातारा हुशार खरा, पण पोरं त्याचीच ना. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक टोपली आणली. सकाळी वरचे भाग टोपलीतून पलीकडे जायचे, संध्याकाळी तयार बूट टोपलीतून अलीकडे यायचे. सात पावलांची गल्ली, पण ती ओलांडायची टोपलीने. बोलायचं काम उरलं नाही. आणि न ठरवता एक नियम पडला. वरचं त्यांचं, खालचं आपलं, आणि कुणी कुणाच्या कामाला नाव ठेवायचं नाही. चार वर्षांपूर्वी शाहनवाज गेला. मशीनवर अदिबा बसायला लागली. टोपली मात्र चालूच राहिली.

बोलावणं घेऊन रिदा आली. हारुनभाईंची सून, शहजादची बायको. दारातच थांबली आणि मागे बघून हळूच म्हणाली, "चाची, आधीच सांगून ठेवते. मी सांगितलं म्हणू नका. शहजादने तयार रबरी सोलवाल्याशी बोलणं केलंय. सोल आणायचे, चिकटवायचे, झालं. तुमच्या मशीनसाठीही कुणीतरी बघून ठेवलाय. आज अब्बूंकडून हो म्हणवून घेणार आहे."

"मशीन आमचं, आणि गिऱ्हाईक त्याने बघितलं?"

"वरचे भागच आले नाहीत तर मशीन नुसतं ठेवून काय करणार, असं म्हणतो."

ते बरोबरच होतं. समोरून टोपली आली नाही तर मशीन म्हणजे खोली अडवून बसलेलं दोन माणसांएवढं लोखंड. तेवढंच शाहनवाजने मागे ठेवलं होतं, आणि त्याच्यावरच दोघींचं घर चालत होतं.

"आणि तू आम्हाला हे का सांगतेस गं?" अदिबाने विचारलं.

"मला त्या चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने डोकं धरतं," रिदा म्हणाली. "आणि तुमचं मशीन चालू असलं की माझा धाकटा झोपतो. चला लवकर."

*

हारुनभाईंच्या बैठकीत चटईवर एक बूट उघडा पडला होता. तळ एका बाजूने सुटून लोंबत होता.

"अदिबा, अम्मीला खुर्ची दे," हारुनभाई म्हणाले. नसीम त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. धाकट्या भावाच्या बायकोशी जेठाने समोरासमोर बोलायचं नाही, ही जुनी रीत. गल्लीत ती आता कुणी पाळत नव्हतं. हारुनभाई पाळत होते, कारण बोलायला सुरुवात केली असती तर बरंच काही बोलावं लागलं असतं.

शेखरने चहाची बशी खाली ठेवली. देवळ्यात त्याचं बूट-चपलांचं दुकान, वडिलांपासूनचं. "हारुनभाई, माझ्या बापानं तुमच्या अब्बांचे बूट विकले, मी तुमचे विकतो. कधी तक्रार केली का? नाय. पण यंदा लय शोभा झाली. आमचा सावळीराम, मार्केट यार्डात मापारी हाय. काट्यावर गोणी चढवायला गेला अन् बुटानं आ वासला. अंगठा बाहेर! सगळं यार्ड हसलं. म्हणे, सावळीराम, बूट उपाशी हाय तुझा, कांदा घाल त्याला. आता तो रोज दुकानापुढं येतो अन् मला आईबापावरनं शिव्या देतो."

अदिबाला हसू आलं, तिने ओढणी तोंडावर घेतली. शहजादने ते पाहिलं.

"हसण्यासारखं काय आहे त्यात? चाळीस जोड आहेत." तो वडिलांकडे वळला. "अब्बू, मी दोन वर्षं सांगतोय. शिवलेल्या तळाचे दिवस गेले. एक मशीन, एक हात, दिवसाला जोड किती होणार? त्यात हे असं. तयार सोल आणू, चिकटवू. गिऱ्हाईकाला दिसायलाही छान."

शहजाद वाईट नव्हता. चामडं कापताना वडिलांचा हात थरथरतो हे त्याला दिसत होतं, आणि त्यांच्यामागे हा धंदा एकट्याच्या गळ्यात पडणार हेही कळत होतं. शिवाय आपण चाचींचंही भलंच करतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"अदिबाला आपल्याकडे पगारावर घेऊ," तो म्हणाला. "चाचींना काही कमी पडू देणार नाही. मशीनचे जे येतील ते त्यांचेच."

"माझ्या अब्बांचं मशीन विकून मला पगार देणार?" अदिबा म्हणाली.

"मग काय करायचं? गल्लीत सगळे म्हणतायत, शाहनवाज होता तोवर टाका होता, पोरीच्या हातात दम नाही."

हे बोलून झाल्यावर त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. पण बोलून बसला होता. नसीम खुर्चीवरून अर्धी उठली. अदिबा तिच्या आधी खाली बसली आणि तिने तो फाटका बूट मांडीवर ओढला.

"रिदा, रांपी दे."

"रांपी कशाला हवी तुला?" शहजाद म्हणाला.

"रिदा."

रिदाने नवऱ्याकडे बघितलं, मग आत जाऊन चामडं कापायची रांपी घेऊन आली. शहजादने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर हातातून सुरी पडली असती. रिदा पदर सावरत भिंतीला टेकून उभी राहिली.

अदिबाने बुटाच्या आतलं पातळ अस्तर एका कडेने उचकटलं आणि टरकन ओढून काढलं. खाली बुटाचा आतला तळ उघडा झाला. त्यावर टाक्यांची रांग होती. टाचेपासून चवड्याकडे, चवड्यावरून वळून परत टाचेकडे. मेणात भिजलेला काळसर दोरा, प्रत्येक टाका शेजारच्याएवढा.

"शेखरकाका, तुम्ही बघा. कुठे तुटलाय का दोरा?"

शेखरने चष्मा लावला. बोट फिरवलं. "नाय बुवा."

"ओढून बघा."

त्याने नख घालून ओढला. दोरा तटतटला, पण सुटला नाही. "अख्खा हाय की. मग बूट फाटला कसा?"

"वरचं चामडं आधी लाकडी पायावर चढवायचं," अदिबा त्याला सांगायला लागली, पण ऐकवत होती सगळ्यांना. "त्याची कड खाली तळाकडे दुमडायची, खिळ्यांनी अडकवायची. मग लाकडी पाय काढून घ्यायचा, खाली जाड तळ ठेवायचा आणि अख्खा बूट मशीनच्या शिंगावर उलटा चढवायचा. सुई तिन्हींतून जाते. जाड तळ, मधली दुमड, आतला तळ. आता इथे बघा. तळ शिवलेला आहे, आतला तळ शिवलेला आहे. मधली दुमडच टाक्यात नाही. ती टाक्याच्या अलीकडेच संपलीये. नुसत्या काठाला दोरा लागला होता, तो काठ फाटला."

"म्हणजे काय?" शहजाद म्हणाला.

"म्हणजे दुमड आखूड आहे. दुमड वरच्या भागात येते. वरचं तुमचं."

अठरा वर्षांत या बाजूच्या कामाला त्या बाजूने ठेवलेलं हे पहिलं नाव. नसीमला वाटलं, झालं, आता संपलंच सगळं. आणि पोरीचा तिला अभिमान वाटला, तोही त्याच क्षणी.

*

हारुनभाईंच्या कानशिलाची शीर उडत होती. त्यांनी आयुष्यात चार कामं धड केली नसतील, पण कटिंगमध्ये त्यांचा हात धरणारा नाशकात नव्हता, असं ते स्वतःच सांगत. आणि खोटं नव्हतं.

"माझी दुमड सहा सूत असते," ते अगदी हळू म्हणाले. "अब्बांनी शिकवली. एक इंच म्हणजे आठ सूत, त्यातले सहा. चाळीस वर्षं तेवढीच."

"मोजा, बडे अब्बू," अदिबा म्हणाली आणि खिशातली टेप त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी टेप घेतली नाही. बूट घेतला. डोळ्यांवर त्यांचा आता भरवसा नव्हता, अंगठ्यावर होता. अंगठ्याच्या पेराने ते कडेकडेने दुमड चाचपत गेले. टाचेजवळ बरी होती. मधल्या बाकापाशी, जिथे तळ आत वळतो तिथे, अंगठा थांबला, परत मागे आला, परत तिथेच थांबला.

"चार," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "चारही नाही."

"अब्बू, चामडं आवळलं असेल. उन्हात—" शहजाद म्हणाला.

"गप बस." त्यांनी अदिबाकडे पाहिलं. "हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं. दर खेपेला थोडी थोडी कमी यायची. मी पकडीने खेचून घ्यायची, खिळे जवळजवळ मारायची, टाका काठाकडे सरकवायची. निभायचं. या खेपेचं चामडं जाड होतं, ते खेचलंच गेलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी?" अदिबा म्हणाली. "टोपलीशी?"

हारुनभाईंनी बूट खाली ठेवला. "रिदा, फर्मा आण," ते म्हणाले. "खिळ्यावरचा."

ज्यावरून चामडं कापायचं तो पुठ्ठ्याचा फर्मा रिदाने आणला. कडांनी मऊ पडलेला, हात लागून काळपट. हारुनभाईंनी तो उलटसुलट केला. त्यात त्यांना काहीच चुकलेलं दिसेना. रोज बघतो ते माणसाला कुठे दिसतं.

"याच्यावरूनच कापतो. हा बरोबर आहे," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

नसीम उठली. कुणाला काही न सांगता पायात चपला सरकवून गल्ली ओलांडून गेली. सगळ्यांना वाटलं, रागावून गेली. शहजाद म्हणालाही, "बघा, हे असं. बोलायला बसलं की उठून जायचं." अदिबाने त्याला उत्तर दिलं नाही. समोरच्या खोलीतून लोखंडी पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

पेटी वाटणीत शाहनवाजकडे गेली होती, कारण तिच्यात लाकडी पाय होते आणि लाकडी पाय खालच्या कामाचे. पण त्यांच्या तळाशी, जुन्या लुंगीत गुंडाळलेले, दादाजानचे फर्मेही होते, आणि फर्मे वरच्या कामाचे. बांधाबांधीच्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. हारुनभाईंना वाटलं, शाहनवाज आपणहून पाठवील. शाहनवाजला वाटलं, भाईजान मागतील. आठवडा गेला, ईद गेली. हारुनभाईंनी एक चांगला बूट उसवून त्याच्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा आखला आणि काम चालू केलं. ते बघून शाहनवाज बायकोला म्हणाला होता, "घे, त्यांना अब्बांचे फर्मे नकोतच." नसीमने त्या वेळी ते खरं मानलं होतं. दर बकरी ईदला पेटी झाडताना ती लुंगी उलगडायची, फर्मे पुसायची आणि परत ठेवून द्यायची.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात ते गाठोडं होतं. चटईवर ठेवून तिने सोडलं. जाड पुठ्ठ्याचे फर्मे, आणि प्रत्येकाच्या कडेला चारी बाजूंनी पितळेची बारीक पट्टी ठोकलेली.

"पितळ कशाला?" शेखरने विचारलं.

हारुनभाईच बोलले. "कापताना रांपी फर्म्याच्या कडेला लागून फिरते. नुसता पुठ्ठा असला की ती चामड्याबरोबर त्याचाही केसभर काठ तासते. पितळेला काही होत नाही." एवढं बोलले आणि थांबले. आपण काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

नसीमने खिळ्यावरचा फर्मा उचलला आणि त्याच मापाच्या पितळी फर्म्यावर ठेवला. टाच टाचेला लावली. पितळेची पट्टी झाकली जायला हवी होती. ती सगळीकडून दिसत होती. टाचेपाशी दोऱ्याएवढी, पुढे जास्त, आणि बाकापाशी तर पट्टी पूर्ण उघडी, वर तिच्या आतला पुठ्ठाही दिसत होता.

"या अल्ला," रिदा म्हणाली.

शहजाद गुडघ्यांवर वाकून बघत होता. "जुना झिजला की नवा फर्मा मीच आखायचो," तो म्हणाला. "जुन्यावरूनच. झिजलेल्यावरून. तुम्ही म्हणायचात, अब्बू, जसा आहे तसा आख." मग जरा थांबून म्हणाला, "मी तसाच आखला."

"तुझं काय चुकलं?" हारुनभाई म्हणाले. "मी गल्लीपलीकडे जाऊन एक वस्तू मागितली नाही. अठरा वर्षं. अब्बांनी दिलेलं माप रोज थोडं थोडं तासत बसलो, आणि वर ताठ्याने सांगतोय, सहा सूत." त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं, गरज नसताना दोनदा.

"आम्हीही पाठवले नाहीत," नसीम म्हणाली. ती भिंतीकडे बघून बोलत होती. "रोज टोपली यायची. टाकायचे होते तिच्यात."

शेखरला अवघडल्यासारखं झालं. तो घसा खाकरून म्हणाला, "माझं ऐका. तुमच्या घरातलं मला कळत नाय. पण मला टाक्याचेच बूट पाहिजेत. चिकटवलेला बूट आमच्या यार्डात उन्हानं तापला की सोल सोडतो, ते करून बघितलंय मी. अन् झिजला की टाकूनच द्यायचा. टाक्याचा बूट परत आणला की तुम्ही नवा तळ लावून देता, सावळीरामनं एकाच बुटाला तीन तळ लावले मागं. कांद्याची आवक वाढायच्या आत चाळीस जोड द्या. मात्र परत आ वासला, तर मी देवळ्याहून येणार नाय. सरळ सांगतो."

"रबरवाल्याला मी शब्द दिलाय," शहजाद म्हणाला. पण ते आता वडिलांना सांगणं नव्हतं, विचारणं होतं.

"तू दिलास, तूच परत घे. गोड बोलून घे. पुढेमागे लागेल तो, तुझं म्हणणं अगदीच चूक नाही. पण अदिबाचा टाका तुटला म्हणून नाही. तो तुटलेला नाही." हारुनभाई अदिबाकडे वळले. "गल्लीत जे बोलले असतील, त्यांना मी सांगेन. कुणाचा हात कमी पडला ते."

मग ते नसीमकडे वळले. थेट तिच्याकडे. अदिबाला वाटलं, आता आपल्याला म्हणतील, अम्मीला सांग. तिने कानही तयार ठेवले.

"नसीम," हारुनभाई म्हणाले, "हे फर्मे मला देशील का?"

लग्न होऊन या घरात आल्याला तिला एकतीस वर्षं झाली होती. जेठाच्या तोंडून आपलं नाव तिने आजच ऐकलं. तिचे डोळे भरून आले, आणि ती म्हणाली, "नाही, भाईजान."

शहजादने मान वर केली. शेखरने बशी उचलली आणि रिकामी आहे हे बघून परत ठेवली.

"फर्मे पेटीतच राहतील," नसीम म्हणाली. "ते दिले की उद्यापासून परत टोपली. मला टोपली नको. आमच्या खिडकीत उजेड चांगला आहे, तुमच्या या खोलीत डोळे फोडून कापता. तुमचा कापायचा पाट तिकडे टाकते. कापायला तुम्ही या."

हारुनभाई गुडघ्यावर हात देऊन उठले.

"शहजाद, पाट उचल," ते म्हणाले. "मला वाकवत नाही."

*

तळ शिवायचं मशीन हारुनभाईंनी अठरा वर्षं गल्लीपलीकडून ऐकलं होतं. शनिवारी सकाळी अदिबाने खटका दाबला तेव्हा ते खिडकीपाशी पाटावर बसले होते, आणि एकदम दचकले.

"एवढं ओरडतं हे?"

"मेण तापलं की गप्प होतं," अदिबा म्हणाली. पुढे आलेल्या लोखंडी शिंगावर तिने एक जुना बूट चढवून सुई बघून घेतली.

हारुनभाईंनी पितळी फर्मा चामड्यावर ठेवला आणि रांपी फिरवली. पितळेला लागून पातं जाताना खर्र आवाज यायचा. तो त्यांना आठवत होता. पहिला तुकडा कापून झाल्यावर त्यांनी तो अदिबाकडे दिला. "कमी पडली तर सांगायचं," ते म्हणाले. "तिथल्या तिथे. याच्या आवाजावर आवाज काढून सांगायचं."

"सांगेन."

"वरचं-खालचं काही नाही."

"हो, बडे अब्बू."

अदिबाने मशीन बंद केलं. तुकडा खिडकीकडे धरला, टेप लावली. टाचेला लावली, चवड्याला लावली, बाकाशी परत लावली. चुलीपाशी नसीमचा हात थांबला. चहा उतू जायला आला होता.

"बाकात अर्धं सूत कमी आहे," अदिबा म्हणाली. "सुरी कलली तुमची."

हारुनभाईंनी हात पुढे केला. चष्मा सदऱ्याला पुसून डोळ्यांवर ठेवला, अंगठ्याचं पेर कडेवरून फिरवलं. मग तो तुकडा बाजूला टाकला, फर्मा चामड्यावर पुन्हा बसवला आणि दुसरा कापायला घेतला.